तव्याखालचं पत्र

सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८

आर्लिसचं काहीतरी बिनसलंय आणि नेमकं काय ते मला उमजत नाही, म्हणून आज पुन्हा वही उघडली. माझे यजमान ओले वारले तेव्हा लिहीत होते, शेत विकलं तेव्हा लिहीत होते. मग मुलाच्या घरी आले आणि लिहिण्याजोगं काही उरलं नाही. स्वयंपाकघरामागच्या खोलीत आयतं बसून खाणाऱ्या म्हातारीच्या दिवसात घडणार काय?

सोमवार म्हणजे धुणं. मिनिॲपोलिसच्या बाहेरची ही आमची नवी वस्ती. एका ओळीत चाळीस घरं, एकाच साच्यातून काढल्यासारखी, आणि सोमवारी चाळीसही दोऱ्यांवर कपडे. सकाळी आर्लिस दोरीपाशी गेली आणि तोंडात चिमटा धरून उभी राहिली ती राहिलीच. हातातल्या चादरीचं पाणी तिच्या बुटांत ठिबकत होतं. मी खिडकीतून हाक मारली, "अगं, काय बघतेस?"

"काही नाही, आई. समोरची मेव्हिसपण अशीच उभी आहे. कोण आधी हलतंय ते बघतेय."

मी हसले. ती हसली नाही.

माझ्या या सुनेला कमी काय आहे, हेच मला कळत नाही. धुवायला यंत्र, झाडायला यंत्र, नळ सोडला की गरम पाणी. नॉर्बर्ट ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कंपनीत वरच्या जागेवर आहे. दारू पीत नाही, आवाज चढवत नाही. जोनी सात वर्षांची, गोड पोर. तिच्या वयाला, चौतिसाव्या वर्षी, मी पहाटे चारला बारा गाईंच्या धारा काढत होते. उदास व्हायला उसंत कुणाला होती!


शनिवार, ११ ऑक्टोबर

आज नॉर्बर्ट आणि आर्लिसच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. नॉर्बर्टनं कमालच केली. दुपारी ट्रक दारात आला आणि दोन माणसांनी एक भला थोरला आडवा फ्रीझर उतरवला. पांढरा शुभ्र, वर लाल फीत. अर्धा बैल मावेल त्यात! मला तर भरून आलं. आम्ही आयुष्यभर मांस खारवून ठेवलं.

"आता तुला रोज दुकानात जायला नको," नॉर्बर्ट म्हणाला. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. तिला खूश करायचं असलं की लहानपणापासून... म्हणजे कुणालाही खूश करायचं असलं की त्याचे कान लाल होतात.

आर्लिसनं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, मग त्याच्या कडेनं हात पसरून माप घेतलं. "अगदी माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली आणि हसायला लागली. आम्हीही हसलो. मग ती हसायची थांबेना. नॉर्बर्टनं तिला खोलीत नेऊन निजवलं.

आनंदानंही माणसाला असं होतं कधीकधी.


बुधवार, १५ ऑक्टोबर

डॉक्टरकडे जाऊन आली. अंगात काही दोष नाही म्हणाला. मन शांत राहायला बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्यात, सकाळी एक, दुपारी एक. शिवाय केस वेगळ्या पद्धतीनं कापून घ्या, आणखी एक मूल होऊ द्या.

"केस आधी कापू की मूल आधी?" आर्लिसनं मलाच विचारलं. तिच्या जिभेला धार आहे, पण मनानं वाईट नाही ती.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

लिहू की नको असं झालंय. पण ही वही कोण वाचणार आहे?

आर्लिस इस्त्रीचे कपडे पाणी शिंपडून, गुंडाळ्या करून टोपलीत ठेवते. आज तिला झोप लागली होती (त्या गोळ्यांनी लागते), म्हटलं आपणच दोन शर्ट करून टाकू. टोपलीच्या तळाशी हाताला कडक काहीतरी लागलं. मखमलीचं अस्तर असलेली काळी चपटी पेटी. आत चकाकणारे कंपास, पातळ निबांची लेखणी, हस्तिदंती पट्टी. झाकणावर सोनेरी अक्षरं कोरलेली, आ. लि. म्हणजे आर्लिस लिंडाल, तिचं माहेरचं नाव. पेटीखाली कपाटात अंथरायच्या कागदाचे ताव, त्यांवर रेघाच रेघा, विणकामाच्या नमुन्यासारख्या, आणि कडेला आकडे.

एवढी महागाची वस्तू. लग्नाआधीची. आणि ती नवऱ्याच्या शर्टांखाली लपवलेली! कुणी दिली असेल?

दुपारी मेव्हिस कॉफीला आली होती. तिच्याजवळ मी पेटीचं अवाक्षर काढलं नाही, एवढंच म्हटलं की आर्लिस हल्ली टपाल यायच्या वेळी फार बाहेर घुटमळते.

"ओठ रंगवून जाते का?" मेव्हिसनं विचारलं.

"कधीकधी."

"मग काळजी घ्या, काकू. टपालपेटीशी जाताना मी ओठ रंगवत नाही. मला काय, विजेचं बिल येतं."


मंगळवार, २८ ऑक्टोबर

दार लावून घेऊन लिहितेय.

आर्लिस जोनीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. टपालवाला स्टॅन दारापर्यंत आला. "आजी, तुमच्याकडे कुणी मिस लिंडाल राहते का? पत्ता तर तुमचाच आहे."

मिस! तेरा वर्षांच्या संसारानंतर मिस! मी म्हटलं, "दे इकडे, पाहुणी आहे."

साधं पाकीट. मागे फक्त टपाल कार्यालयातल्या पेटीचा एक क्रमांक. आणि अक्षर? असं अक्षर मी जन्मात पाहिलं नाही. किंचित तिरकं, प्रत्येक अक्षर सुटं, मोत्यासारखं. बाईचं नव्हे, पुरुषाचं. इतकं जीव लावून कुणी कुणाचं नाव लिहितं का, काही मनात असल्याशिवाय?

दुसऱ्याचं पत्र उघडणं पाप आहे. मी ते उघडलं नाही, नॉर्बर्टलाही दाखवलं नाही. त्याचं मन मोडलं असतं आणि घरही. खालच्या कपाटात माझा लेफ्सेचा तवा आहे. लेफ्से म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या; त्या वर्षातून एकदा, चर्चच्या नोव्हेंबरातल्या जेवणाला होतात, आणि त्या मोठ्या तव्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. पत्र त्याच्याखाली सरकवलं. उत्तर आलं नाही की तो जो कोण आहे तो आपोआप गप्प बसेल, आणि हिचं मन घरात परत येईल.

देव मला क्षमा करो. मी हे घरासाठी केलं.


शनिवार, १ नोव्हेंबर

आर्लिस आज तीन वेळा टपालपेटीशी गेली. तिसऱ्या वेळी सपाता घालून. पेटीत आत हात घालून तळ चाचपत होती.


बुधवार, ५ नोव्हेंबर

थोडक्यात निभावलं. मी माझ्या खोलीत मोजे रफू करत होते. जोनीची किंकाळी आली, "आजी, बाबांचा शर्ट जळतोय!" धावले. इस्त्री शर्टाच्या पाठीवर पालथी, खालची फळीसुद्धा काळी पडलेली, घरभर धूर. मी तार ओढली, शर्ट धुण्याच्या टाकीत टाकला. आर्लिस कुठे? बाहेर. गारठ्यात, बिनकोटाची, पेटीशी.

"अगं पोर जळलं असतं!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते.

ती परत आली, शर्ट पाहिला, जोनीला कवटाळलं. मग अगदी हळू म्हणाली, "आई, मी आज तीन गोळ्या घेतल्या. मोजायला विसरले असं सांगेन मी नॉर्बर्टला. पण विसरले नव्हते."

मी बाटली माझ्या खोलीत नेऊन ठेवली. आता सकाळ-दुपार मीच देते.

बघा, त्या माणसाचं पत्र नाही तर ही अशी. आलं असतं तर काय झालं असतं!


रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चमध्ये मन लागलं नाही. खरं सांगायचं तर मला माझीही धास्ती वाटते. हे घर फुटलं तर मी कुठे जाऊ? फार्गोची बहीण स्वतःच जावयाच्या दारात आहे.

घरी येऊन भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. रविवारी देते. शाळेच्या पंचांनी दिलंय ते मला. आठवीपर्यंत शिकले, पुढचं व्याकरण आणि गणित मागून आणलेल्या पुस्तकांवरून स्वतःच केलं, आणि एकोणिसाव्या वर्षी माळावरच्या शाळेत मास्तरीण झाले. दीड वर्ष. सव्वीस मुलं, एक शेगडी. मग ओलेंशी लग्न ठरलं, आणि लग्न झालेली बाई शाळेत चालत नसे, म्हणून पंचांनी घड्याळ देऊन निरोप दिला. चांगलं आहे घड्याळ. पंचेचाळीस वर्षांत एकदा दुरुस्त करावं लागलं.

सव्वीसही मुलांची नावं अजून पाठ आहेत. उगीच आपली.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

शनिवारी चर्चचं जेवण. माझ्याकडे साठ लेफ्से. कालपासून बटाटे सोलून माझं मनगट सुजलं होतं. आर्लिसनं ते पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बसा, आई. लाटते मी. तवा पण मीच काढते." महिनाभरात पहिल्यांदा ती असं आपण होऊन मायेनं काही बोलली. मला इतकं बरं वाटलं, की कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मला आठवलं.

ती गुडघ्यांवर बसली होती. पाठ माझ्याकडे. खूप वेळ. मग कागद फाटल्याचा आवाज. मग पुन्हा खूप वेळ.

ती उठली, तवा शेगडीवर ठेवला, पिठाचा गोळा घेतला आणि लाटायला लागली. मी लांब काठीनं पोळ्या उलटत होते, ती लाटत होती. कागदासारख्या पातळ, आणि गोल अशा की जणू कंपासनं काढल्यात. तीन तास. साठ. माझ्या आयुष्यात इतक्या सारख्या लेफ्से झाल्या नाहीत आणि इतक्या भयंकर तीन तासांतूनही मी गेले नाही.

शेवटची पोळी फडक्याखाली गेली. तिनं हात धुतले, पुसले, आणि एप्रनच्या खिशातून पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"वाचा. मोठ्यानं. मास्तरीण होतात ना तुम्ही?"

मी वाचलं. "मिस लिंडाल, आपला अर्ज, नमुन्याचा आराखडा व विमान कारखान्यातील प्रमाणपत्र पाहिले. आरेखनकाराच्या जागेसाठी बुधवार, बारा नोव्हेंबर रोजी सकाळी दहा वाजता परीक्षेस यावे. न आल्यास पुढील उमेदवारास बोलावले जाईल." खाली पूल बांधणाऱ्या एका कंपनीचं नाव.

"काल बारा तारीख होती," आर्लिस म्हणाली.

मी पत्रातली तारीख पुन्हा वाचली.

"तुम्हाला वाटलं तरी काय?"

"मला वाटलं, कुणी... माणूस आहे."

"माणूस!" ती हसली, पण ते हसणं मला ऐकवेना. "आई, एका माणसाचे शर्ट माझ्यानं उरकत नाहीत. दुसऱ्याचे कुठे घेऊ?"

"पण मिस का लिहायचं?"

"माझं प्रमाणपत्र त्या नावावर आहे. आणि नवऱ्याच्या नावाची बाई तिथं कुणालाच नको असते." मग म्हणाली, "निदान उघडून तरी बघायचं होतंत."

"दुसऱ्याचं पत्र उघडणं पाप आहे गं."

"आणि लपवणं?"

मी पोळ्यांवरचं फडकं नीट करत राहिले.

मग तीच बोलत राहिली, खिडकीकडे बघत. लढाईत ती विमानाच्या कारखान्यात आरेखनाच्या टेबलावर होती हे मला माहीत होतं. सगळ्याच मुली कुठे ना कुठे होत्या. ते कंपास तिनं स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतले, हे माहीत नव्हतं. लढाई संपली त्या आठवड्यात प्रत्येक मुलीला एकेक गुलाबी फूल देऊन घरी पाठवलं. ती फूल घेऊन दारापर्यंत पोचली नव्हती, तोवर हमालांनी तिचं टेबल उचललं होतं.

"मी आखलेल्या पंखांवर विमानं समुद्र ओलांडून गेली, आई. आता मी जोनीच्या केकवर बदक काढते. सगळे म्हणतात, बदक किती हुबेहूब!"


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कुणाला न सांगता बसनं शहरात, त्या पुलाच्या कंपनीत गेले. चर्चची टोपी, निळा कोट. चूक माझी होती, निस्तरायला मीच जायला हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावर मोठं दालन, उतरती टेबलं, सगळीकडे पुरुष. आणि भिंतीवरच्या प्रत्येक नकाशावर तेच अक्षर! तिरकं, सुटं, मोत्यासारखं. तिथल्या सगळ्यांचंच तसं. म्हणजे ते प्रेम नव्हतं, ते त्या कामाचं वळण होतं. मला भर दालनात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्य साहेब सँडक्विस्ट नावाचे. मी म्हटलं, "साहेब, पत्र मी दडवून ठेवलं. शिक्षा माझ्या सुनेला नको."

"सून? कुणाची सून?"

"तुमची मिस लिंडाल. ती माझी सून. तेरा वर्षं झाली लग्नाला, सात वर्षांची मुलगी आहे. आणि साहेब, घर असं ठेवते की..."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, आम्ही लग्न झालेल्या बायका घेत नाही. मूल असलेल्या तर नाहीच. आज टेबल द्यायचं, उद्या पोराला गोवर."

"गोवराला मी आहे की!"

साहेब जरा हसले. मग त्यांनी फायलीतून एक ताव काढला. तिचाच, ओळखला मी त्या विणकामासारख्या रेघांवरून. आता नीट पाहिला तेव्हा कळलं, तो पूल होता. साहेब तो बराच वेळ बघत राहिले. "हात चांगला आहे. म्हणूनच वाईट वाटतं." शेवटी म्हणाले, "दोन डिसेंबरला पुन्हा परीक्षा आहे. नवऱ्याची हरकत नाही असं त्याच्या सहीचं पत्र घेऊन येऊ द्या. बसू देईन. पुढचं मी काही सांगत नाही."

मी जग जिंकल्यासारखी घरी आले. आर्लिसला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही त्यांना सांगितलंत? लग्नाचं, जोनीचं?"

"मग खोटं कसं सांगू?"

"खोटं सांगायला कोण म्हणतंय, आई? काही सांगायलाच कोण म्हणालं होतं!"

ती दार लावून घेऊन बसली. मी एकदा लपवून घात केला, एकदा बोलून.


रविवार, १६ नोव्हेंबर

काल चर्चच्या जेवणात सगळ्या म्हणत होत्या, हुल्डा, यंदा लेफ्से काय झाल्यात! मी म्हटलं, सुनेनं लाटल्या. आर्लिस दूर उभी राहून कॉफी ओतत होती. माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळी मात्र माझ्याच हातून घेते, तळहात पुढे करून, लहान मुलासारखी.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सण. नॉर्बर्ट टर्की कापत होता तेव्हा आर्लिसनं विषय काढला. सगळं सांगितलं, माझं पत्र लपवणं सोडून. ते तिनं गाळलं. मी मान खाली घातली.

नॉर्बर्टनं सुरी ठेवली. "म्हणजे माझी हरकत नाही असं मी लिहून द्यायचं?"

"हो."

"आणि माझी हरकत असली तर?"

"आहे?"

"आर्लिस, ऑफिसात काय म्हणतील? ब्रँडवॉल्डला बायको पोसता येत नाही."

"तुला फ्रीझर घेता येतो हे ठाऊक आहे सगळ्यांना."

"तो मी तुझ्यासाठी घेतला!" त्याचा आवाज फाटला. कान लाल झाले होते. "मी सगळं तुझ्यासाठी करतो आणि तू अशी बघतेस जशी मी तुला कोंडलंय. मी काय चुकलो ते तरी सांग."

"तू काहीच चुकला नाहीस. म्हणूनच सांगता येत नाही."

जोनी मधेच म्हणाली, "बाबा, आई वर्तमानपत्राच्या कडेला पूल काढते. माणसंपण काढते पुलावर, पण ती पुसून टाकते."

मग नॉर्बर्ट माझ्याकडे वळला. "आई, तू सांग हिला. तुलाही शाळा सोडावी लागली. तू कधी कुरकुर केलीस?"

माझ्या हातात रश्शाचं भांडं होतं. "नाही," मी म्हटलं. "कुरकुर नाही केली."

"बघ," तो आर्लिसला म्हणाला.

मी भांडं घेऊन आत गेले. रस्सा गरम करायचा होता, पण शेगडी पेटवायचं राहून गेलं. घड्याळ टकटक करत होतं. परत बाहेर आले आणि म्हटलं, "पण मला कुणी विचारलंही नव्हतं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. मीही चकित झाले होते. हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही.

सही झाली नाही. टर्की गार झाली. आर्लिसनं उरलेली फ्रीझरमध्ये ठेवली.


मंगळवार, २ डिसेंबर

नॉर्बर्ट रोजच्यासारखा गाडी घेऊन गेला. आर्लिस आठच्या बसला निघाली. पेटी काखेत, उघड. बर्फ पडत होता. मी तिला माझे रबरी बूट दिले, नव्यासारखे आहेत. तिनं घातले. दारात म्हणाली, "तुम्ही कुठेही जाऊ नका, आई. कुणाला काही सांगायला."

"नाही जात."

चारला परतली. नाक लाल, बोटांना शाई.

"काय झालं?"

"सही मागितली. मी म्हटलं, विमानाच्या पंखांना माझ्याशिवाय कुणाची सही लागली नव्हती."

"मग?"

"सँडक्विस्ट हसले नाहीत. बाकीचे हसले. पण बसू दिलं. कळवतील म्हणाले." मग खुर्चीत बसून बूट काढता काढता म्हणाली, "चार तास, आई. चार तासांत एकदासुद्धा मी कुठल्या खिडकीतून बाहेर बघितलं नाही."

दुपारची गोळी द्यायला गेले. नको म्हणाली. उद्याचं उद्या बघू म्हणाली.

जेवणानंतर तिनं नॉर्बर्टच्या शर्टाचं बटण लावून दिलं तेव्हा तो थँक्यू म्हणाला, परक्या बाईला म्हणावं तसं.


सोमवार, ८ डिसेंबर

आता टपालपेटीशी मी जाते. स्टॅन म्हणतो, "आजी, तुमचं पण कुणी आहे की काय?" म्हटलं, "चालता हो, गाढवा."


गुरुवार, ११ डिसेंबर

पत्र आलं.

पाकिटावर तेच तिरकं अक्षर आणि नाव, 'मिसेस आर्लिस ब्रँडवॉल्ड'. एवढ्या वर्षांत या घरी आलेल्या सगळ्या पाकिटांवर ती मिसेस नॉर्बर्ट ब्रँडवॉल्डच असते, जशी मी मिसेस ओले. हे नाव असं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आर्लिस शाळेत गेली होती, जोनीला नाताळच्या नाटकात देवदूत केलंय, तिचे पंख शिवायला.

पत्र साखरेच्या भांड्याला टेकवून टेबलावर उभं ठेवलं आणि त्याच्यासमोर बसले. कोट काढायचंही सुचलं नाही.

बर्फ वाढला म्हणून नॉर्बर्टचं ऑफिस लवकर सुटलं. आत आला, टोपी झटकली आणि त्याची नजर पाकिटावर गेली. हात पुढे केला.

"तुझं नाव नाही त्यावर," मी म्हटलं.

"आडनाव माझंच आहे ना?"

"आडनाव माझंही आहे. ठेव ते."

एवढा सहा फुटी माणूस, पण त्यानं ठेवलं. समोरच्या खुर्चीत बसला. आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत बसलो.

"आई, ती गेली तर?"

"कुठे जाईल? नऊला जाईल आणि येईल."

"तसं नाही म्हणत मी," तो म्हणाला.

तो कसं म्हणत होता ते मला नीट कळलं नाही. मला माझं पत्र आठवत होतं. एकोणीसशे अकरा, ऑगस्ट, शाळेच्या नेमणुकीचं. 'मिस हुल्डा नेसेट.' वडिलांनी ते गावातून पाच मैल खिशातून आणलं आणि न उघडता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानंतर माझ्या नावाचं पत्र आलं असेल तर मला ते आठवत नाही. वडील फार कमी बोलायचे. पण त्या दिवशी मी वाचून होईपर्यंत त्यांनी घास घेतला नव्हता.

आर्लिस आणि जोनी आल्या. आर्लिसनं टेबलाकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. हातमोजे काढले. पावाच्या सुरीनं पाकीट उघडलं, उभ्यानंच वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या हातात दिलं.

"वाचा, आई. मोठ्यानं."

मी वाचलं. पाच जानेवारीपासून. सकाळी नऊ ते एक. पहिले तीन महिने काम बघून पुढचा निर्णय.

जोनी टाळ्या वाजवायला लागली आणि बाबांचं तोंड बघून थांबली. नॉर्बर्ट उठला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. त्यानं आर्लिसच्या खांद्याला हात लावला, म्हणजे लावल्यासारखं केलं, आणि कोट चढवून फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर गेला. बर्फ तर पडतच होता. तो एक फावडं बाजूला टाकायचा आणि त्या जागी पुन्हा तेवढाच साठायचा.

आर्लिस खिडकीशी गेली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"येईल ना आत?" तिनं विचारलं.

"थंडी मरणाची आहे. येईल."

मग ती खिडकीपासून हलली, टेबलावरचं साखरेचं भांडं बाजूला सारलं आणि इस्त्रीच्या टोपलीतून काळी पेटी आणली. मी फडक्यानं टेबल पुसलं, दोनदा, कागदाला तेल लागू नये म्हणून. जोनी पंख लावूनच तिच्या कोपराशी उभी राहिली.

बाहेर फावड्याचा आवाज येत होता. मी कॉफी केली. एक कप आर्लिसपुढे ठेवला, कागदापासून दूर. एक मी घेतला. तिसरा ओतला आणि वर बशी झाकून शेगडीच्या कडेला ठेवून दिला.